डिप्लोमा झाला, नोकरी आहे, पण धर्मगुरू व्हावेसे वाटते: सेमिनरीत जाण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

प्रश्न – पश्चिमपट्टीकर

सर्वांना नमस्कार. माझे वय २४ आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका गावात राहतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण करून सध्या वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करतो. शाळा गावातलीच, मराठी माध्यमाची.

लहानपणी मी वेदीसेवक (चर्चमधील उपासनेत फादरांना मदत करणारा मुलगा) होतो आणि त्या वयात बहुतेक मुलांना वाटते तसे मलाही फादर व्हावेसे वाटत होते. दहावीनंतर ते सारे मागे पडले. अलीकडे मात्र तो विचार पुन्हा मनात येऊ लागला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमचे फादर आजाऱ्यांना कम्युनियन (पवित्र भाकर) देण्यासाठी घरोघर जातात, तेव्हा स्कूटर चालवायला आणि वाडीतली घरे दाखवायला मी सोबत असतो; त्यासाठी त्या दिवशी दुसरी पाळी मागून घेतो. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे फादरांची वाट पाहत सकाळपासून आवरून बसलेली असतात. उशाशी धुतलेला रुमाल अंथरून त्यावर मेणबत्ती आणि क्रूस मांडून ठेवलेला असतो. फादर एका घरात दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाहीत, पण आपण हे काम आयुष्यभर करू शकू, असे मला तिथे वाटते. कारखान्यातल्या कामाचा कंटाळा आला आहे असे नाही. ते काम मला आवडते आणि पुढच्या वर्षी बढतीचीही शक्यता आहे.

घरी सांगितल्यावर वडील काही न बोलता वाडीत पाणी लावायला निघून गेले. आई म्हणाली, “एकदा गेलास की परत येता येत नाही, आणि आलास तर लोक तोंड उघडू देणार नाहीत.” मी एकुलता एक मुलगा आहे. मोठ्या बहिणीचे लग्न झाले आहे, धाकटी नर्सिंग शिकते आणि तिच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून जातात.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे: या वयात प्रवेश मिळतो का आणि एकूण किती वर्षे लागतात? सेमिनरीतील (धर्मगुरूंच्या प्रशिक्षण संस्थेतील) शिक्षण इंग्रजीत असते, ते मला झेपेल का? धर्मप्रांताचा (एका बिशपांच्या अखत्यारीतील भागाचा) धर्मगुरू होणे आणि एखाद्या व्रतस्थ संघात जाणे यात नेमका काय फरक पडतो? आणि आई म्हणते तसे खरोखरच परत येता येत नाही का? माझी पूर्ण खात्री झालेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. खात्री झाल्याशिवाय जावे की जाऊ नये, हाच माझा मुख्य प्रश्न आहे.

उत्तर १ – एक धर्मगुरू

मी धर्मप्रांतीय धर्मगुरू आहे आणि काही काळ पाचारण (धर्मगुरू होण्याची देवाची हाक) मार्गदर्शनाचे काम केले आहे. तुमच्या आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

सेमिनरीत पाऊल टाकले की परतीचा रस्ता बंद होतो, ही समजूत आपल्या गावांत फार जुनी आहे. चर्चच्या कायद्यात मात्र तिला कुठेही आधार नाही. धर्मप्रांतासाठी शिकणारा ब्रदर, म्हणजे सेमिनरीतील विद्यार्थी, जवळजवळ शेवटपर्यंत सामान्य प्रापंचिक श्रद्धावंतच असतो. त्याने कसलेही व्रत घेतलेले नसते. ब्रह्मचर्याचा स्वीकार तो जाहीरपणे करतो तो डीकनदीक्षेच्या (धर्मगुरूपदाच्या आधीच्या पायरीच्या दीक्षेच्या) वेळी, आणि ती ईशज्ञानाचा (धर्मशास्त्राचा) अभ्यास संपत आल्यावर होते. त्याआधी त्याला स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यावे लागते की मी हे पद स्वेच्छेने स्वीकारत आहे आणि आयुष्यभर या सेवेला वाहून घेणार आहे. कुणावर कोणत्याही कारणाने दीक्षेची सक्ती करणे चर्चच्या कायद्याने निषिद्ध आहे, तसेच पात्र माणसाला तिच्यापासून परावृत्त करणेही निषिद्ध आहे. डीकन झाल्यानंतर मात्र गोष्ट निराळी. तिथून पुढे ब्रह्मचर्याच्या बंधनातून मोकळीक फक्त पोप महोदय देऊ शकतात. म्हणजे ज्या दाराची तुमच्या आईंना भीती वाटते ते दार खरोखरच आहे, पण ते सेमिनरीच्या फाटकापाशी नाही, कितीतरी वर्षे पुढे आहे.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर असे, की पूर्ण खात्री झाल्यावरच जायचे असे ठरवले तर कुणीच जाणार नाही. सेमिनरी ही खात्री करून घेण्याची जागा आहे आणि तिथे तपासणी दोन्ही बाजूंनी होते. तुम्ही या जीवनाला पारखत असता आणि चर्च तुम्हाला पारखत असते. दोघांपैकी कुणीही ‘नाही’ म्हणू शकतो.

आता वर्षांचा हिशेब. २०१६ साली रोमहून प्रसृत झालेल्या मार्गदर्शक नियमावलीनुसार प्रारंभी किमान एक आणि फार तर दोन वर्षांचा पूर्वतयारीचा काळ असतो. त्यात अभ्यासापेक्षा प्रार्थनेची सवय, सामूहिक जीवन आणि स्वतःची ओळख यांवर भर असतो. त्यानंतर तत्त्वज्ञानाची किमान दोन वर्षे, आणि मध्ये साधारणतः एखादे वर्ष धर्मग्रामात (एका चर्चच्या कार्यक्षेत्रात) किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम, ज्याला आपल्याकडे रीजन्सी म्हणतात. मग ईशज्ञानाची चार वर्षे. डीकनदीक्षा आणि गुरुदीक्षा (धर्मगुरूपदाची दीक्षा) यांच्यात किमान सहा महिन्यांचे अंतर असावे लागते. एकूण आठ ते दहा वर्षे धरून चालावे. गुरुदीक्षेसाठी वयाची खालची मर्यादा २५ वर्षे आहे, त्यामुळे तुम्हाला उशीर झालेला नाही. उलट चार वर्षे कारखान्याचा भोंगा ऐकलेला मुलगा माझ्यासमोर बसला की बारावीहून थेट आलेल्या मुलाच्या तुलनेत मी त्याच्याविषयी थोडा निश्चिंत असतो, कारण आपण काय सोडून आलो हे त्याला माहीत असते.

कुठे शिकायला पाठवायचे ते बिशप ठरवतात. आपल्या भागातील लोकांना गोरेगावचे सेंट पायस टेन कॉलेज माहीत असतेच. पुण्याची पेपल सेमिनरी ही तेरावे पोप लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केलेली संस्था, जी १९५५ साली पुण्याला आली. ‘हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील’, अशा आशयाचे तिचे लॅटिन बोधवाक्य आहे. परदेशी मिशनऱ्यांवर विसंबलेल्या त्या काळात हा विचार साधा नव्हता.

सेमिनरीतील एका व्यवस्थेची माहिती फार थोड्यांना असते, म्हणून ती सविस्तर सांगतो. तिथे रेक्टर (संस्थाप्रमुख) असतात आणि त्यांच्याहून वेगळे आध्यात्मिक मार्गदर्शक असतात. तुमच्या वागणुकीविषयी, अभ्यासाविषयी, इतरांशी जमवून घेण्याविषयी रेक्टर आणि शिक्षक बिशपांना अहवाल देतात. परंतु तुम्हाला दीक्षा द्यावी की नाही किंवा सेमिनरीतून काढावे की नाही, हा निर्णय घेताना आध्यात्मिक मार्गदर्शकांचे अथवा तुमचा पापनिवेदन संस्कार ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे मत कधीही विचारता येत नाही. तशी स्पष्ट मनाई कायद्यातच आहे. त्यामुळे मनातली शंका, एखाद्या मुलीविषयी वाटणारी ओढ, प्रार्थनेतला कोरडेपणा हे सारे निर्धास्तपणे बोलण्यासाठी एक माणूस तुम्हाला हक्काने मिळतो. या माणसाशी जो खरे बोलतो, तो पुढे फादर होवो वा घरी परतो, निर्णय सहसा स्वच्छ मनाने घेतो. जो त्याच्यासमोरही आदर्श ब्रदर होऊन बसतो, त्याची मला काळजी वाटते.

इंग्रजीचे म्हणाल तर पहिले वर्ष कठीण जाईल, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. व्याख्याने इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, आणि जेवणाच्या टेबलावर मुंबईत वाढलेल्या मुलांचे विनोदही इंग्रजीत. पण जगभरच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंचे जे आश्रयदाते संत, त्या जॉन व्हिएनी यांना लॅटिन येत नसल्यामुळे फ्रान्समधील लियोंच्या सेमिनरीतून परत पाठवले होते. ज्या वृद्ध फादरांनी त्यांना आपल्या घरी बसवून शिकवले, त्यांच्या चिकाटीमुळे १८१५ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांची गुरुदीक्षा झाली. आणि तुमचे मराठी ही उणीव नव्हे. सेमिनरीतील विद्यार्थ्याला मातृभाषा काळजीपूर्वक शिकवली जावी असे कायदाच सांगतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. इंग्रजीत पहिला आलेला ब्रदर नंतर मराठी प्रवचनात अडखळताना मी पाहिला आहे, आणि लोक त्याला लवकर क्षमा करत नाहीत.

कर्जाचा आणि एकुलतेपणाचा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. त्यावर घरच्या बाजूने कुणी लिहिले तर अधिक बरे होईल.

उत्तर २ – जुना ब्रदर

फादरांनी लिहिलेले सर्व बरोबर आहे, पण परत येण्याचा कायदा आणि परत येण्याचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीविषयी मी लिहू शकतो, कारण तत्त्वज्ञान पूर्ण करून रीजन्सीच्या काळात मी बाहेर पडलो. आज एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, लग्न झाले आहे, दोन मुले आहेत.

मला कुणी काढले नाही आणि माझे कुणाशी भांडणही झाले नाही. रीजन्सीत ज्या धर्मग्रामात होतो तिथली कामे मी उत्साहाने करत होतो, परंतु रात्री खोलीत एकटा परतलो की जो रितेपणा जाणवे, तो प्रार्थनेने भरत नव्हता. माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी मला घाई करू दिली नाही. एकटेपणा सगळ्यांनाच येतो, तुझा एकटेपणा तुला कुठे नेतो ते पाहा, असे ते म्हणाले. पुष्कळ महिने पाहिल्यावर तो मला संसाराकडे नेतो आहे हे दिसले. मी रेक्टरांना पत्र लिहिले आणि त्यांनी स्टेशनपर्यंत सोडायला गाडी दिली. खरा त्रास सुरू झाला तो गावात. गावच्या सणाला आत्या-मावश्या माझ्या आईला हात धरून बाजूला घेत आणि ‘कुठली मुलगी होती का?’ असे विचारत. मुलगी वगैरे कुणी नव्हती, पण हे ऐकून घेणारे कुणी नव्हते. वर्षभराने लोकांना दुसरा विषय मिळाला.

तुमच्या आईंची भीती म्हणूनच निराधार नाही, पण ती लोकांविषयीची भीती आहे. त्यावर मला सापडलेला एकच उपाय असा, की जातानाच सर्वांना स्पष्ट सांगावे, ‘मी फादर व्हायला चाललो नाही, व्हावे की नाही ते पाहायला चाललो आहे.’ जाण्याआधी घरोघरी पेढे वाटू नयेत. आमच्या वेळी मुलगा सेमिनरीत निघाला की हार घालून, बँड लावून निरोप दिला जाई. त्या मिरवणुकीच्या आठवणीपायी नको तितकी वर्षे आत राहिलेला एक सोबती मला माहीत आहे.

शिक्षणाबद्दलही एक सावधगिरी बाळगा. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या पदव्या चर्चच्या स्वतःच्या शिक्षणव्यवस्थेतील असतात, बाहेर नोकरी मागताना त्या विद्यापीठाच्या पदवीइतक्या उपयोगी पडतील असे गृहीत धरू नका. मी आत जाण्यापूर्वी बीए केले होते म्हणून पुढे एमए आणि बीएड करता आले. तुमचा डिप्लोमा हातात आहे, ही जमेची बाजू. शक्य असल्यास सेमिनरीत असताना मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करण्याची परवानगी मिळते का, ते सुरुवातीलाच विचारून ठेवा. अशी विचारणा केल्याने श्रद्धा कमी ठरत नाही.

उत्तर ३ – संगमनेर

एक महत्त्वाचा फरक इथे नोंदवतो, कारण तुम्ही संघाविषयी विचारले आहे आणि वरचा परतीचा हिशेब धर्मप्रांतीय सेमिनरीला लागू होतो.

येशूसंघ, फ्रान्सिस्कन, सेलेशियन अशा व्रतस्थ संघांत प्रवेश नोव्हिशिएटमधून (संघजीवनाच्या उमेदवारीच्या काळातून) होतो. तो काळ किमान बारा महिन्यांचा असतो, येशूसंघात दोन वर्षांचा. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतली जातात. बहुतेक संघांत ती आधी ठराविक मुदतीची, साधारण तीन ते सहा वर्षांची असतात आणि नंतर आजीवन. येशूसंघात मात्र नोव्हिशिएट संपताच घेतलेली पहिली व्रतेच आजीवन स्वरूपाची असतात. म्हणजे संघात बंधन लवकर येते, आणि गुरुदीक्षा मात्र कितीतरी नंतर.

जगण्यातला फरक त्याहून मोठा आहे. धर्मप्रांतीय धर्मगुरू एका बिशपांच्या अखत्यारीत, एका भूभागात काम करतो. त्याने दारिद्र्याचे व्रत घेतलेले नसते. त्याला मानधन मिळते, वडिलोपार्जित जमिनीत त्याचे नाव राहू शकते, फक्त राहणी साधी ठेवावी आणि व्यापारधंद्यात पडू नये असे बंधन असते. संघातील माणसाचे सर्व उत्पन्न संघाचे, आणि आज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वसतिगृहात असलेला माणूस उद्या झारखंडात किंवा आफ्रिकेत असू शकतो. तुम्ही जे पहिल्या शुक्रवारचे वर्णन केले आहे, त्यावरून तुमची ओढ धर्मग्रामाच्या जीवनाकडे दिसते, पण हा माझा तर्क आहे.

फादरांनी व्हिएनी यांचे उदाहरण दिले, मी तुमच्या गावाजवळचे देतो. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षक म्हणून काम करत होते. संघात घ्यावे ही त्यांची इच्छा पुरी होईना, तेव्हा ते व्यापाराला लागले, चांगले सावरले, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात सामील झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर, म्हणजे व्रतस्थ बंधू, म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर त्यांना मरण आले आणि १८६२ साली संतपद मिळाले. धर्मगुरू न होता व्रतस्थ बंधू म्हणून जगण्याची वाट आजही अनेक संघांत खुली आहे, आणि पाचारण शिबिरांत तिचा उल्लेख जेमतेम केला जातो, याचे मला वाईट वाटते.

प्रतिक्रिया – वाचक

मी ख्रिस्ती नाही, परंतु चर्चा आवडीने वाचत आहे. विवाहित माणूस कॅथलिक धर्मगुरू होऊच शकत नाही का? आमच्या शेजारचे ख्रिस्ती पाळक विवाहित आहेत.

उत्तर – एक धर्मगुरू

तुमचे शेजारी बहुधा प्रॉटेस्टंट पंथाचे असावेत, तिथे पाळकांना विवाहाची मुभा असते. कॅथलिक चर्चच्या लॅटिन परंपरेत, ज्यात वसई, मुंबई, पुणे, नाशिक येथील धर्मप्रांत येतात, दीक्षेनंतरचा विवाह ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेपासून अवैधच मानला जातो आणि विवाहित पुरुषाला अपवाद म्हणूनच गुरुदीक्षा मिळते. रोमशी एकनिष्ठ असलेल्या काही पौर्वात्य चर्चमध्ये मात्र विवाहित धर्मगुरू आहेत. म्हणजे हा श्रद्धेचा सिद्धांत नसून चर्चची शिस्त आहे, पण जो तिच्यात प्रवेश करतो त्याने ती पुढेमागे बदलेल या आशेवर प्रवेश करू नये.

उत्तर ४ – फादरची आई

बाळा, माझा थोरला मुलगा धर्मगुरू आहे, म्हणून तुझ्या आईच्या वतीने लिहिते. वर सगळ्यांनी तुझी बाजू नीट समजावून सांगितली आहे, पण तुझे वडील वाडीत का निघून गेले याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

एकुलता एक मुलगा असेल तर घेऊ नये असा नियम चर्चमध्ये नाही, हे मला तेव्हाच्या फादरांनी सांगितले होते. नियम नसला तरी माणसे असतात. माझा मुलगा गेला तेव्हा त्याच्या मागे धाकटा भाऊ होता, तरीही त्याच्या बाबांनी दोन वर्षे त्याच्याशी धड संभाषण केले नाही. रागावले नव्हते, त्यांना फक्त एवढेच कळत नव्हते की आता विहिरीची मोटार बिघडली, खाडीकडच्या तुकड्याची मोजणी आली, कुणाला बोलवायचे. म्हातारपणी आपल्याला दवाखान्यात कोण नेणार, हा प्रश्न बाप तोंडाने विचारत नाही. तुझ्या वडिलांनी विचारायची वाट पाहू नकोस, तूच विचार. वाडी पुढे कोण कसणार, बहिणींच्या मनात काय आहे, गरज पडली तर तुला किती मोकळीक मिळेल, हे सगळे एकदा स्पष्ट बोला. धर्मगुरूंना आईवडिलांच्या आजारपणात घरी येऊ देतात. पण त्यांच्या मानधनात घर चालेल असे कुणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे.

कर्जाचे तर सरळ आहे. जे कर्ज फेडता येत नाही ते डोक्यावर असलेल्या माणसाला संघात घेऊ नये, असे चर्चचा कायदाच सांगतो असे माझा मुलगा म्हणतो. धर्मप्रांतातही मुलाखतीत हे विचारतात. धाकटी नर्सिंग पूर्ण करून नोकरीला लागेपर्यंत हप्ते तूच भर. देवाचे काम इतकी वाट पाहू शकते, आणि बँक पाहत नाही.

आता चांगलेही सांगते. गुरुदीक्षेच्या दिवशी मुलगा देवळात जमिनीवर पालथा पडून होता, वर सगळे देऊळ संतांची आळवणी म्हणत होते. नंतर बिशपांनी काही न बोलता त्याच्या डोक्यावर हात ठेवले आणि एकामागून एक सगळ्या धर्मगुरूंनी ठेवले. इतकी गर्दी होती, पण तेवढा वेळ कुणी खोकलेही नाही. मग हातांना तेल लावले. दुपारी जेवणाच्या मांडवात त्याच्या बाबांनी पहिल्यांदा त्याला ‘फादर’ म्हणून हाक मारली आणि वर वाढप्याला ओरडले, “फादरला अजून वडे आण.” त्यानंतर त्यांच्यातले सगळे सुरळीत झाले. तुझ्या घरी असेच होईल असे मी म्हणत नाही. त्यांना वेळ दे, एवढेच म्हणते.

प्रश्नकर्त्याची नोंद – पश्चिमपट्टीकर

सर्वांचे मनापासून आभार. आपण सर्वांनी लिहिलेले मी आईला वाचून दाखवले. डीकनदीक्षेपर्यंत कोणतेही बंधन नसते हे ऐकल्यावर तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. वडिलांशी रविवारी मिस्सेनंतर बोललो. वाडीविषयी त्यांनी माझ्या अंदाजापेक्षा बरेच आधी विचार केलेला आहे असे दिसले. अर्धी जमीन शेजारच्या चुलत्यांना कसायला देण्याचे त्यांच्या मनात आहे. जा किंवा जाऊ नको, असे ते म्हणाले नाहीत.

बहिणीचे शेवटचे वर्ष संपायला अजून अवकाश आहे, त्यामुळे यंदा प्रवेश न घेता फक्त पाचारण शिबिराला जावे असे ठरवले आहे. एक शंका उरली आहे: शिबिराला जाण्यापूर्वी कारखान्यात कल्पना द्यावी का? आणि कागदपत्रांची तयारी आतापासून करावी का?

उत्तर – एक धर्मगुरू

निर्णय योग्य आहे. कारखान्यात आताच काही सांगण्याची गरज नाही. शिबिर ही दोन-तीन दिवसांची ओळख असते, त्यासाठी नेहमीची रजा पुरते. प्रवेशाचे पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका, आणि बढती मिळाली तर ती घ्या. बढती नाकारून आलेल्या मुलांच्या मनात पुढे आपण केलेल्या त्यागाचा हिशेब चालू राहतो, असे मी पाहिले आहे. मधल्या काळात महिन्यातून एकदा तुमच्या फादरांकडे किंवा अन्य एखाद्या धर्मगुरूंकडे जाऊन शांतपणे बोलत चला, आणि पहिल्या शुक्रवारचा क्रम मोडू नका. संधी मिळाली तर वडिलांना सोबत घेऊन एखाद्या रविवारी सेमिनरी पाहून या. मुलगा कुठल्या खोलीत झोपणार आणि काय जेवणार हे पाहिले की बापाचे निम्मे प्रश्न मिटतात.

कागदपत्रांत स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) आणि दृढीकरण संस्काराचा दाखला लागेल, शाळा सोडल्याचा दाखला, डिप्लोमाची गुणपत्रके आणि धर्मग्रामातील प्रमुख धर्मगुरूंचे शिफारसपत्रही लागेल. वैद्यकीय तपासणी आणि बहुधा मानसशास्त्रीय चाचणीही होते. तिला घाबरू नका, ती तुमच्या संमतीनेच होते. स्नानसंस्काराचा घरी ठेवलेला जुना दाखला चालत नाही, अर्जाच्या वेळी नवा काढावा लागतो. कारण चर्चच्या मूळ नोंदवहीत त्या नावासमोर दृढीकरण, विवाह, दीक्षा यांच्या नोंदी होत राहतात आणि तुम्ही अविवाहित आहात हे त्यावरूनच पाहिले जाते. आपल्याकडे आडनाव चर्चच्या वहीत एका प्रकारे, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या आणि आधार कार्डावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असते. ती दुरुस्ती करून घ्यायला फार वेळ जातो, म्हणून एवढे एक काम मात्र आताच सुरू करा.